जवाच्या कोवळ्या पात्यांची पूड: अख्ख्या पात्याची घ्यावी की रसाची?

जव म्हणजे सातू. दुकानदार कधी कधी जवस पुढे करतो, तेव्हा एवढं सांभाळा. ही पूड का घ्यायची हे ठरलेलं आहे असं धरून पुढचं लिहितो.

बाजारात पूड दोन प्रकारची मिळते. एकीत पाती धुऊन, वाळवून अख्खी दळलेली असतात. दुसरीत पात्यांचा रस काढून चोथा बाजूला करतात आणि तो रस फवारून किंवा गोठवून वाळवतात. जपानात 'आओजिरू' म्हणून जे हिरवं पेय तीन-तीन ग्रॅमच्या पाकिटांत विकतात, त्यात दोन्ही प्रकार सापडतात. कापणी दोन्हींत एकाच वेळी व्हायला हवी: रोप वीत-दीड वीत झालं की, कांडी धरण्याआधी. उशिरा कापलेलं पातं कितीही बारीक दळा, जिभेला भुशासारखंच लागतं.

प्यायला रसाची पूड सरस, यात वाद नाही. चमचाभर पूड पाण्यात टाकून ढवळली की विरघळते, घशाला काही लागत नाही. अख्ख्या पात्याची पूड भरलेल्या पेल्यावर टाकली तर तरंगते आणि तिच्या गुठळ्या होतात. बाहेरून हिरव्या, आत कोरड्या. म्हणून आधी पेल्यात दोन चमचे गार पाणी घ्यायचं, त्यात सपाट चमचाभर पूड कालवून पातळ गंधासारखं करायचं आणि मग उरलेलं पाणी किंवा ताक ओतायचं. लगेच प्यावं. दहा मिनिटं ठेवलंत तर चोथा फुगतो आणि तळाशी गाळ बसतो. पाणी गरम नको आणि लिंबूही नको. उष्णता आणि आंबटपणा या दोन्हींनी हरितद्रव्य मावळतं, रंग शेवाळी-तपकिरी होतो. ताकही गोडसर, ताजंच घ्यावं.

इथवर पारडं रसाच्या पुडीकडे झुकतं. पण ती सादळते, आणि मुंबई-कोकण-गोव्यात राहणाऱ्याला हे फार जाचक होतं. रसात विरघळलेल्या साखरा आणि क्षार त्या पुडीत एकवटलेले असतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात. जुलैत बरणी रोज उघडली की आधी पूड चमच्याला चिकटू लागते, मग वर पापुद्रा धरतो आणि माझ्या अनुभवात पंधरवड्याच्या आत बरणीत ढेप होते. सुरीने फोडावी लागते, रंग काळपटतो, वासही बदलतो. फ्रिजमध्ये ठेवून हे टळत नाही, उलट वाढतं. गार बरणी बाहेर काढून तशीच उघडली की आत दव धरतं. फ्रिजमध्ये ठेवायचीच असेल तर बरणी खोलीइतकी कोमट झाल्यावरच झाकण काढावं, पण सकाळच्या घाईत हे रोज कोण पाळणार? एकेका वेळची सुटी पाकिटं हा उपाय आहे खरा, पण तो महाग पडतो.

सादळू नये म्हणून बऱ्याच रसाच्या पुडींत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) मिसळतात. पाकिटावरची घटकांची यादी वाचा. ते त्यात असेल तर चमच्यातला काही भाग नुसता स्टार्चचा आहे, पात्याचा नाही. किंमत मात्र रसाची मोजावी लागते.

अख्ख्या पात्याची पूडही दमट हवेत थोडी मऊ पडते, पण ढेप होत नाही. दहा दिवसांपुरती छोट्या काळ्या बरणीत काढावी आणि बाकीची बंद ठेवावी. उजेडात ठेवली तर ती खाकी पडते. विकत घेताना वास घ्यावा. ताज्या कापलेल्या गवताचा वास हवा. वाळक्या कडब्याचा आला तर माल जुना. चिमूटभर पूड पाण्यात सोडून पाहावी. क्षणात तळाशी बसलेलं दातांखाली करकरलं तर ती माती, पाती नीट धुतलेली नाहीत. आणि कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळलेलं पाणी जर शाईसारखं नितळ हिरवं निघालं, तर वरून रंग घातल्याचा संशय घ्यावा. पात्यातलं हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही.

ज्यांना चोथ्याने पोट फुगतं, त्यांच्यासाठी रसाचीच पूड बरी. इतरांनी पात्याची पूड पहिला आठवडा अर्धा चमचाच घ्यावी. नागपूर-छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात रसाची पूडही सुखाने टिकेल. तिथे अख्ख्या पात्याच्याच पुडीचा माझा आग्रह नाही.

दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी तीन ग्रॅमच्या चमच्यातून लोह किंवा प्रथिनं फार मिळतील असं धरू नका. वाटीभर माठाची भाजी त्याहून जास्त देते. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असेल तर पात्यांतलं के जीवनसत्त्व आड येतं, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम जपावं लागतं. या दोघांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बरणी उघडू नये. ग्लूटेन (गहू-जवाच्या दाण्यातलं प्रथिन) वर्ज्य असलेल्यांनी त्याची चाचणी झाल्याचं पाकिटावर लिहिलेलं असेल तरच घ्यावी. पात्यात ग्लूटेन नसलं तरी कापणीत दाणा मिसळू शकतो.