नऊ फुटांवरचा टीव्ही की सिटी सेंटरचा पडदा?

मावसभावाने नाशिकमध्ये इंदिरानगरला नवा फ्लॅट घेतला. हॉलमधली एक भिंत अजून रिकामी आहे आणि गेले दोन महिने आमच्या घरांत दुसरा विषय नाही. टीव्ही ५५ इंची घ्यायचा की ६५? आणि एवढा मोठा घेतल्यावर थिएटरला जायचं कशाला? वहिनी म्हणते, टीव्ही आला की सिटी सेंटर मॉलच्या वाऱ्या बंद. तो म्हणतो, वाऱ्या बंद होणार असतील तर टीव्हीच नको. मला विचारलं, तेव्हा मी आधी मोजायची टेप मागितली. सोफ्यापासून भिंतीपर्यंत अंतर भरलं नऊ फूट.

तुम्हीही याच पेचात असाल तर हात समोर ताठ करून वीत उघडा. नऊ फुटांवरचा ५५ इंची टीव्ही एक वीत आणि वर तीन बोटं, एवढाच रुंद भरतो. अंशांत सांगायचं तर २५. ६५ इंची घेतला तर २९ च्या आसपास, म्हणजे आणखी दोन बोटं. चाळीस फूट रुंद पडद्यासमोर पन्नास फुटांवर बसलात तर तेच माप ४० अंशांच्या वर जातं, दोन विती भरून उरतं. दुकानात टीव्ही मोठा वाटतो कारण तिथे आपण त्याच्यापासून चार फुटांवर उभे असतो. ‘घरबसल्या थिएटर’ ही जाहिरात निदान वीतभर तरी खोटी आहे.

पण चित्राच्या स्वच्छतेत घर पुढे गेलंय, हे मान्यच करायला हवं. थिएटरातले बरेच प्रोजेक्टर अजून २के आहेत, म्हणजे २०४८ बाय १०८० ठिपके. तुमच्या ४के टीव्हीत ३८४० बाय २१६०. ओएलईडी पॅनेल, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारं आणि विझणारं, असेल तर काळा रंग खरंच काळा दिसतो. प्रोजेक्टरचा काळा नेहमी राखाडीकडे झुकतो, त्यात दाराशी ‘निर्गमन’चा दिवा. थिएटरची जमेची बाजू म्हणजे त्यांची फाइल. ती सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत माहिती ओतू शकते. घरच्या स्ट्रीमिंगला त्याचा लहानसा हिस्सा मिळतो. म्हणून अंधाऱ्या प्रसंगात, धुक्यात किंवा धुरात घरी चौकोनी डाग पडलेले दिसतात. टीव्ही बिघडलेला नसतो, वरून येणारं पाणीच कमी दाबाचं असतं.

आणि प्लॅन बघा हो. नेटफ्लिक्सच्या सध्याच्या १९९ रुपयांच्या प्लॅनमध्ये ७२० पी, म्हणजे साध्या एचडीचं चित्र मिळतं, ४के हवं तर ६४९ चा घ्यावा लागतो. पंचेचाळीस हजारांचा टीव्ही भिंतीला टांगून त्यावर १९९ चा प्लॅन चालवणारी दोन घरं मला माहीत आहेत. त्यातलं एक माझंच, मागच्या दिवाळीपर्यंत.

आवाजाची गोष्ट मात्र एकतर्फी आहे. टीव्हीचे स्पीकर बहुधा वीस वॉटचे आणि तोंड खाली किंवा मागे. थिएटरात संवादाचा स्पीकर थेट पडद्याच्या मागे असतो. पडद्याला बारीक भोकं असतात, त्यातून आवाज पात्राच्या तोंडातून आल्यासारखा येतो. घरी आई कुजबुजीचा प्रसंग आला की “काय म्हणाला रे?” विचारते. आपण आवाज वाढवतो, पुढच्याच मिनिटाला मारामारी सुरू होते आणि खालच्या मजल्यावरून बेल. यावर उपाय एकच, साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांबट स्पीकरपट्टी. त्यातही संवादासाठी मधोमध वेगळा स्पीकर आहे का, ते विचारून घ्या. दहा-बारा हजारांत काम होतं. माझं स्पष्ट मत: ६५ इंचीचे जास्तीचे पैसे वाचवून ते साउंडबारमध्ये घाला.

आता पैशांचं. शनिवार-रविवारी चौघं जाणार, तिकीट अडीचशे धरलं तर हजार. पॉपकॉर्न, कोल्ड्रिंक, पार्किंग, ऑनलाइन बुकिंगचा आकार, पेट्रोल मिळून आणखी तेवढेच. एका खेपेला दोन हजार. टीव्ही ४५ हजार आणि साउंडबार १२ हजार, सहा वर्षं टिकला तर वर्षाला साडेनऊ हजार. त्यात ६४९ चा प्लॅन, वर्षाचे ७,७८८. एकूण सतरा हजारांच्या वर, म्हणजे थिएटरच्या आठ-नऊ खेपा. तुमचं कुटुंब वर्षातून चारदाच थिएटरला जात असेल, तर ‘पैसे वाचतील’ म्हणून टीव्ही घेऊ नका, वाचणार नाहीत. क्रिकेटसाठी घ्या, आईच्या मालिकांसाठी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. त्याच दिवसापासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्केच कर आहे, त्याहून महाग तिकिटावर १८. एकटे किंवा दोघं असाल तर मधल्या वारी सकाळचा खेळ गाठा, खर्चाचं गणित पार उलटतं.

बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ ला स्पष्ट केलं. पण पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आत नेता येतं. तेव्हा साठ रुपयांच्या बाटलीआधी पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारा. दाखवतात, जरा नाखुशीनेच.

थिएटरचा त्रास नाहीच असंही नाही. शहरातल्या एका पडद्यावर मी अख्खा सिनेमा डावीकडे धूसर बघितलाय. मध्यंतरात जाऊन सांगितलं, तर “सर, पिक्चरच तसा आहे” असं उत्तर मिळालं. पुढच्या रांगेतला मोबाइलचा उजेड आहे, मागच्या रांगेतलं भविष्यकथन आहे. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणलेत, तेव्हा वीस मिनिटांच्या वाटेला पाऊण तास धरा. पंचाहत्तरीच्या आईला अंधारात पायऱ्या चढवणं हे तर मी सोडूनच दिलंय. घरी सबटायटल लावून, गुडघ्याला शेक घेत ती माझ्यापेक्षा जास्त सिनेमे बघते.

मग मी अजून का जातो? घरचा टीव्ही लावला की पहिल्या पानावर ‘बघणं चालू ठेवा’ अशी एक रांग येते. प्रत्येक सिनेमाच्या चित्राखाली लाल रेघ, कुठवर बघितला त्याची. परवा नीट निरखून बघितलं. धडाकेबाज मारामारीचे, खुनाचे, भुताचे सिनेमे त्या रांगेत नव्हतेच, ते सगळे एका बैठकीत संपले होते. अर्ध्यावर थांबलेल्या रेघा सगळ्या शांत सिनेमांच्या. एक बाई स्वयंपाकघरात उभी राहून नुसती खिडकीबाहेर बघते, दोन भाऊ गाडीत काही न बोलता जातात, असे. तिथेच दुधाचा गॅस, तिथेच ऑफिसचा मेसेज, तिथेच “उद्या बघू”. तो उद्या सात महिने आलेला नाही.

‘भव्य सिनेमा थिएटरला, साधा घरी’ असा सल्ला सगळे देतात. मी उलट सांगतो. मोठ्या धावपळीचा सिनेमा घरीही तुम्हाला धरून ठेवतो, तो त्यासाठीच बनवलेला असतो. संथ सिनेमाला मात्र तुमच्या हातातला रिमोट काढून घेणारी जागा लागते.

आणि व्यवहारही तेच सांगतो. मोठा हिंदी सिनेमा मल्टिप्लेक्समध्ये लागल्यावर साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो; थांबलात तरी काही बिघडत नाही. मराठी सिनेमाचं तसं नाही. दिवसात एक खेळ, तोही दुपारी अडचणीच्या वेळी, आणि दुसऱ्या शुक्रवारी बोर्डावरून नाव गायब. यातले कित्येक ओटीटीवर लवकर येतच नाहीत. तो सिनेमा पहिल्याच आठवड्यात जाऊन बघायचा, हिंदीवाल्याला थांबू द्यायचं.

त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्येच आपला कारभार नाशिकला हलवला आणि इथे सिनेमे काढले. आज त्यांच्या स्मारकात आपण पांडवलेणी उतरल्यावर पोरांना खेळवायला जातो, ते असो. वडिलांच्या पिढीला विजयानंद, मधुकर, हेमलता, चित्रमंदिर ही नावं पत्त्याच्या खुणांसारखी पाठ होती. सिनेमा कुठला लागलाय ते न बघताच ते ‘टॉकीजला’ जायचे. आपण आधी ट्रेलर, मग रेटिंग, मग सीटचा नकाशा बघतो आणि तोवर जायचा उत्साह संपतो.

मावसभावाने शेवटी ५५ इंची घेतला आणि उरलेल्या पैशांत साउंडबार. बसवणारा येऊन गेला, पण चित्र गुळगुळीत करणारं मोशनचं सेटिंग कंपनीने चालू ठेवलंय तसंच आहे, त्यामुळे प्रत्येक सिनेमा मालिकेसारखा दिसतोय. ते बंद करून सिनेमा मुळात काढला तसाच दाखवणारा ‘फिल्ममेकर मोड’ लावायला मी रविवारी सकाळी मिसळ खाऊन जाणार आहे. दुपारी एकचा मराठी सिनेमा आहे, तीन तिकिटं काढून ठेवलीत. वहिनीला अजून सांगितलेलं नाही.