जोडीदाराचं परदेशी पोस्टिंग: सोबत जावं, मागून जावं की मागे राहावं?

जोडीदाराला परदेशात वर्ष-दोन वर्षांचं काम मिळालं की घरात पहिली चर्चा पगाराची होते आणि दुसरी घरभाड्याची. सोबत जाणाऱ्याचे दिवस तिथे कसे जाणार, हा प्रश्न अनेकदा तिकिटं काढून झाल्यावर निघतो. माझ्या मते तो सगळ्यात आधी निघायला हवा. नोकरी करणाऱ्याला पोचल्यापासून ऑफिस असतं, सहकारी असतात, दिवसाला आकार असतो. दुसऱ्याला हे सगळं शून्यातून उभं करायचं असतं, तेही परतीचं वर्ष ठाऊक असताना.

वाटा तीन आहेत: पहिल्या दिवसापासून सोबत जाणं, काही आठवड्यांनी मागून जाणं, किंवा आपली नोकरी आणि घर न सोडता मागे राहून ये-जा करणं. तिन्हींत चांगलं-वाईट आहे. पण कुठलीही वाट धरण्याआधी एक कागद नीट वाचा.

व्हिसा काय म्हणतो

जोडीदाराला नोकरीची मुभा असलेला देश आणि नसलेला देश, हे दोन पूर्णपणे वेगळे मुक्काम आहेत; शहर कितीही सुंदर असो.

जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) गेलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला कुठलीही नोकरी करता येते आणि त्यासाठी आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसाधारकाच्या जोडीदारालाही कामाची जवळजवळ पूर्ण मोकळीक आहे. आयर्लंडने १५ मे २०२४ पासून जनरल एम्प्लॉयमेंट परमिटवर किंवा कंपनीअंतर्गत बदलीवर आलेल्यांच्या जोडीदारांनाही वेगळ्या परमिटशिवाय काम करायला परवानगी दिली.

सिंगापूरचं उलट आहे. १ मे २०२१ पासून तिथे डिपेंडंट पासवर, म्हणजे कुटुंबीय म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर, असलेल्याला नोकरी करायची तर सहसा स्वतःच्या नावाचा वर्क पास लागतो. म्हणजे एखाद्या कंपनीने तुम्हाला परदेशी कर्मचारी म्हणून घ्यायची तयारी दाखवायला हवी. जपानमध्ये डिपेंडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. अर्धवेळ शिकवायला किंवा भाषांतराला ते पुरतं, पूर्णवेळ करिअर चालू ठेवायला पुरत नाही.

अमेरिकेत तर एकाच ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दोघांच्या घरी वेगवेगळे नियम लागू असू शकतात. एल-१ व्हिसावर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीवर, गेलेल्याच्या जोडीदाराला, म्हणजे एल-२ वाल्याला, नोव्हेंबर २०२१ पासून व्हिसाच्या दर्जासोबतच कामाचा हक्क मिळतो. एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला मात्र एच-४ वर काम करायचं तर ग्रीन कार्डची प्रक्रिया बरीच पुढे गेलेली असावी लागते. २०१५ पासूनची ही सवलत दोन वर्षांच्या पोस्टिंगमध्ये बहुधा उपयोगी पडत नाही. म्हणून कंपनीला ‘अमेरिकेत कुठे?’ याच्याही आधी ‘कोणत्या व्हिसावर?’ असं विचारा.

कॅनडाचा नियम मागून जाणाऱ्यांनी खास लक्षात ठेवावा. २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराला ओपन वर्क परमिट (जवळपास कुठल्याही कंपनीत काम करू देणारं) हवं असेल, तर नोकरी करणाऱ्याचं काम ठरावीक श्रेणींतलं असावं लागतं आणि अर्ज करताना त्याच्या परमिटची किमान १६ महिने मुदत शिल्लक असावी लागते. दोन वर्षांच्या करारात ‘तू पुढे हो, मी वर्षभराने येते’ असं ठरवलं, तर कामाचा हक्क तिथेच हातचा जातो.

सोबत की मागून

सोबत जाण्यात मन हलकं असतं. घर दोघं मिळून निवडतात, पहिल्या गोंधळात एकमेकांना आधार होतो. पण नोकरी करणाऱ्यासाठी तेच आठवडे सगळ्यात धावपळीचे असतात. तो उशिरा घरी येतो आणि दुसरा दिवसभर तात्पुरत्या फ्लॅटमध्ये, ना धड पत्ता, ना ओळख.

मागून गेलात तर आपली नोकरी नीट हातावेगळी करता येते, नोटीस पिरियड पूर्ण होतो, बिनपगारी रजेबद्दल बोलायला वेळ मिळतो. ही रजा मिळवण्यासाठी जरूर झटा. राजीनाम्यापेक्षा ती कितीतरी बरी. तोटा असा की पोचाल तेव्हा जोडीदाराचं शहर आधीच घडलेलं असतं: रस्ते त्याचे, ओळखी त्याच्या, घरही त्यानेच पाहिलेलं.

मला विचाराल तर मुभा देणाऱ्या देशात सहा-आठ आठवडे मागून जाणं बहुतेकांना जास्त सोसतं, फक्त लांब मुदतीचा भाडेकरार दोघांनी जागा पाहिल्याशिवाय करायचा नाही. व्हिडिओ कॉलवर खोल्या दिसतात. बसस्टॉपवरून घरी चालत येताना काय वाटतं, ते कळत नाही. आणि दिवसभर त्या घरात वावरणार असाल तर तेच महत्त्वाचं.

नोकरीची मुभा नसेल आणि पोस्टिंग वर्षभराहून कमी असेल, तर मागे राहण्याचा विचार संकोच न करता करा. यात प्रेम कमी पडत नाही. स्वतःची मिळकत आणि कामातली सलगता टिकते, आणि भेटीचे आठवडे खरोखर भेटीचे होतात. किंमतही आहे: दोन घरांचा खर्च, उलटसुलट वेळांचे फोन, आणि मुलं असतील तर एकट्यावर पडणारा भार. दोन वर्षांच्या पुढे मात्र हा पर्याय मला पटत नाही.

‘तिथे बसून इथलं काम ऑनलाइन करीन’ हा चौथा मार्ग सोपा दिसतो, पण सोपा नसतो. काम कुठल्या देशात बसून केलं यावर व्हिसाचे नियम, कर आणि सामाजिक विमा ठरू शकतात. कामाचा हक्क नसलेल्या व्हिसावर हे करण्याआधी आपल्या कंपनीकडून लेखी होकार आणि तिथल्या इमिग्रेशन वकिलाचा सल्ला, दोन्ही घ्या. मोबदला न घेता केलेलं कामही, ते एरवी पगारी असेल तर, अडचणीत आणू शकतं. शिक्षणाचं तसं नाही: एच-४ वर कॉलेजात प्रवेश घेता येतो, आणि दोन वर्षांच्या मुक्कामात एक वर्षाचा अभ्यासक्रम छान बसतो.

घर आणि कागद

दोन वर्षांच्या आतल्या मुक्कामाला फर्निचरसकट घर घ्यावं, भाडं जास्त पडलं तरी. रिकामं घर दरमहा स्वस्त दिसतं, पण सामान घेणं आणि जाताना विकणं यात पैसे आणि महिने दोन्ही जातात. जर्मनीत तर रिकाम्या फ्लॅटला अनेकदा स्वयंपाकाचा ओटा आणि कपाटंही नसतात. डिपॉझिटवर तिथे कायद्याने मर्यादा आहे: मूळ भाड्याच्या तिप्पट, त्याहून जास्त नाही. तात्पुरतं घर घेतानाही घरमालक राहत्या जागेचं पत्र देतो का ते विचारा. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, ती या पत्राशिवाय अडते आणि कर क्रमांकही लांबतो.

सिंगापूरमध्ये दोन वर्षांच्या करारात ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ घालून घेतात. नोकरी संपली किंवा बदली झाली तर ठरलेल्या काळानंतर, सहसा पहिल्या वर्षानंतर, नोटीस देऊन घर सोडता येतं. असं कलम कुठल्याही देशात मागून पाहावं.

भाडेकरारावर दोघांची नावं घाला. एकाचंच नाव असेल तर दुसऱ्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो, आणि मग बँक खातं, वाचनालय, सगळीकडे जोडीदाराला सोबत न्यावं लागतं. मोठ्या माणसाच्या मनाला ते फार लागतं. निदान एक बिल आणि एक खातं तुमच्या नावावर असू द्या.

आरोग्यखर्च देशागणिक बदलतो. जर्मनीच्या सरकारी विमा व्यवस्थेत न कमावणारा जोडीदार जादा हप्ता न भरता सामावला जातो. ब्रिटनमध्ये बहुतेक कामाच्या व्हिसांवर आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत घेतली जाणारी रक्कम) प्रत्येकाचा वेगळा असतो, फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, आणि व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा आधीच भरावा लागतो. तो कंपनी जोडीदारासाठीही भरते का, हे पगार ठरतानाच बोलून घ्या.

काम वेळेआधी संपलं तर काय, हेही तेव्हाच. तुमचा व्हिसा जोडीदाराच्या नोकरीला बांधलेला असतो. अमेरिकेत एच-१बी ची नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते आणि एच-४ वाल्यालाही तेवढीच. त्या ६० दिवसांतलं भाडं, मुलांची अर्धवट राहिलेली शाळा, परतीची तिकिटं आणि करार मोडल्याचा दंड यातलं काय कंपनी उचलणार, याचं उत्तर सही करण्याआधी ई-मेलवर मिळवा, आणि त्यात तुमच्या तिकिटाचाही स्पष्ट उल्लेख असू द्या.