लूटनचा जावेद की डब्लिनचा कॉनर?

घरात दहावी-अकरावीतलं पोर असेल आणि रविवारी रात्री सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा असेल, तर ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ (2019) आणि ‘सिंग स्ट्रीट’ (2016) यांतला कोणता लावावा, असं दोघा-तिघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. दोन्हीकडे पोरगा पंधरा-सोळाचा, गाव नकोसं झालेलं, बाहेर मंदी आणि सुटका गाण्यात. एक ‘ब्लाइंडेड’मधला जावेद, इंग्लंडात लूटन गावी वाढणारा पाकिस्तानी, तर दुसरा ‘सिंग स्ट्रीट’मधला कॉनर, इंग्लंडला पळू बघणारा आयरिश. आमच्याकडे दोन्ही लागोपाठच्या रविवारी पाहून झाले. बघणारे तिघं: मी, माझा सोळा वर्षांचा मुलगा आणि ऐंशी ओलांडलेले माझे वडील, म्हणजे अण्णा. त्या दोन रात्रींच्या भरवशावरच लिहितोय, समीक्षेचा आव नाही.

गाण्यांचं आधी उरकतो, कारण तिथे वादच नाही. ‘सिंग स्ट्रीट’ सरस आहे. 1985 च्या डब्लिनमधल्या शाळकरी बँडसाठी संगीतकार गॅरी क्लार्क आणि दिग्दर्शक जॉन कार्नी यांनी नवी गाणी रचली, आणि ती खरंच पोरांनी केल्यासारखी वाटतात. कॉनर आज ड्युरान ड्युरान हा बँड ऐकतो, उद्या द क्युअर, आणि त्यापाठोपाठ त्याचे केस, कोट, चाल सगळं बदलत जातं. माझ्या मुलाने दुसऱ्या दिवशी माळ्यावरची गिटार उतरवली, यातच काय ते आलं. जावेद बँडबिंड काढत नाही. तो ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकन रॉक गायक ऐकतो आणि वहीत लिहितो. आता लिहिणारा माणूस पडद्यावर दाखवायचा तरी कसा? दिग्दर्शिका गुरिंदर चढ्ढांनी गाण्याचे शब्दच त्याच्या डोक्याभोवती आणि भिंतींवर नाचवले आहेत. ऑक्टोबर 1987 च्या वादळाच्या रात्री तो वॉकमन लावून बाहेर पडतो तेव्हा अंगावर काटा येतो, नाही असं नाही. पण वर उडणारी अक्षरं आणि खाली सबटायटल्स, अशी गर्दी होते. अण्णा म्हणाले, ‘‘जाहिरात लागली काय?’’

तरीही माझं मत ‘सिंग स्ट्रीट’कडे झुकलं नाही. कारण पैसा.

त्या सिनेमाची सुरुवातच चणचणीने होते. घरात पैसे पुरत नाहीत, म्हणून कॉनरला जेझुइट शाळेतून काढून सिंज स्ट्रीटच्या ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत घालतात. तिथे बूट काळेच हवेत, याचे तपकिरी, आणि नवे घ्यायची ऐपत नाही. बुटांचा तो प्रसंग आला तेव्हा मी सरसावून बसलो. पण नंतर पैसा सिनेमातून जो गायब होतो तो होतोच. वाद्यं बँडमधल्या एमनच्या घरची, ते मान्य. पण ते कोट, ती रंगरंगोटी, ते व्हिडिओ? ‘केवढ्याला पडलं?’ असं कुणी कुणाला विचारत नाही. बुटाला पैसे नाहीत आणि आयलायनर आहे! आईबाप भिंतीपलीकडे भांडतात (आयर्लंडमध्ये 1995 च्या सार्वमतापर्यंत घटस्फोटाला राज्यघटनेनेच मनाई होती, त्यामुळे ती भांडणं नुसती कुजत राहतात), आणि शेवटी पोरगा पोरीला घेऊन आजोबांच्या छोट्याशा बोटीतून थेट समुद्रात शिरतो. बोटीत तेल कुणी भरलं, हे मला तेव्हा सुचलं. मुलगा वैतागला. ‘‘बाबा, ते स्वप्न आहे.’’ असेलही. थोरला भाऊ ब्रेंडन मात्र खरा माणूस आहे. सिनेमा जगभरच्या भावांना अर्पण केलाय, तो त्याच्यामुळे पटतो.

तेलाचा प्रश्न पडणं हा कदाचित माझाच दोष. आमच्या घरी त्या वयात प्रत्येक रुपयाचा मालक आधी ठरलेला असायचा. अण्णा लालबागला गिरणीत होते. जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि ते परत खात्यात गेलेच नाहीत. त्यांचा हिशोब, म्हणजे फंड-ग्रॅच्युइटी, हातात पडायला मध्ये किती वर्षं गेली, ते अजून सांगत नाहीत. आई चाळीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायची, रात्री उशिरापर्यंत, बाहेरच्या गॅलरीतल्या दिव्याखाली. मी सुट्टीत एका दुकानात लागलो. पहिला पगार देवापुढे, मग अण्णांच्या हातात, आणि त्यातूनच कॅसेटपुरते मागून घेताना जीभ टाळ्याला चिकटायची.

लूटनमधल्या जावेदचं नेमकं हेच चाललेलं असतं. बाप मलिक व्हॉक्सहॉलच्या मोटार कारखान्यातून कमी होतो, आई शिलाईचं आणखी काम अंगावर घेते, पोराची कमाई बापाकडे जमा होते. स्प्रिंगस्टीनच्या कॅसेटीसुद्धा रूप्स या सरदार मित्राने दिलेल्या. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी जावेद स्प्रिंगस्टीनच्या कार्यक्रमाची तिकिटं काढायला पळतो, त्याच दिवशी नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी पक्षाचा मोर्चा निघतो, बापाला मार बसतो, आणि मग बाप ती तिकिटं फाडून टाकतो. माझ्या सोळाव्या वर्षी मी डोळे झाकून पोराची बाजू घेतली असती. आता मुलगा शेजारी बसलेला असताना मी गप्प बसलो. आणखी एक दृश्य डोक्यातून जात नाही: एका ओळखीच्या पाकिस्तानी कुटुंबाच्या दाराशी आतून प्लास्टिक अंथरलेलं, कारण गल्लीतली गोरी पोरं पत्रं टाकायच्या फटीतून लघवी करतात. घरच्यांना त्याची सवय झालीय. सरफराझ मंझूर यांच्या आठवणींवर बेतलेला असल्यामुळे असेल, असले तपशील इथे जागच्या जागी सापडतात. शाळेतलं शेवटचं भाषण जरा गोडमिट्ट होतं, तेवढं सोसावं लागतं.

तुमचं पोर काही वाजवत असेल, किंवा नुकतंच प्रेमातबिमात पडलं असेल, तर खुशाल ‘सिंग स्ट्रीट’ लावा, संध्याकाळ वाया जाणार नाही. फक्त त्यातल्या शिव्या आजी-आजोबांसमोर जरा अवघड होतात. घरात तीन पिढ्या असतील तर मी आपला ‘ब्लाइंडेड’ म्हणेन. तिथेही पोरगा गाव सोडतोच, पण मोटारीतून, आणि शेजारच्या सीटवर बाप असतो.

अण्णांना इंग्रजी येत नाही. मी मधूनमधून सांगत होतो. कारखान्यातून माणसं कमी करतात तिथे त्यांनी हातानेच मला थांबवलं. सिनेमा संपला, मुलगा उठून आत गेला, मी रिमोट शोधत होतो.

‘‘त्याला हिशोब मिळाला का रे?’’ अण्णांनी विचारलं.