गीर म्हणून घेतल्या, निघाल्या संकरित

एक लाख अठ्ठ्याण्णव हजार पाचशे. आकडा लिहितानाही कान तापतात. दोन गायी प्रत्येकी ८५,०००, गाडीभाडं २४,००० आणि 'जातिवंत दाखल्या'चे वर ४,५००. दाखला म्हणजे रंगीत झेरॉक्स.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीकाठी. इथल्या मे महिन्यात घाम सुकतच नाही, माणसाचा नाही आणि गुरांचाही नाही. आधीची होल्स्टीन संकरित गाय दुपारभर जीभ बाहेर काढून धापा टाकायची, दूध निम्म्यावर आलं होतं. म्हणून गीर, गुजरातकडची देशी जात. सैल कातडी, आखूड केस, मोठं वशिंड, ऊन सोसणारं जनावर. यात माझं काय चुकलं?

चुकलं ते विकणाऱ्याच्या व्हिडिओत. "भाऊ, ४२ डिग्रीत १४ लिटर देते," असं तो सांगत होता आणि मागे घर्रर्र आवाज येत होता. गाईच्या डोक्यावर फर्राटा पंखा, बाजूला पाण्याचा फवारा. मी हिला म्हटलं, "बघ, किती जपतात!" ही म्हणाली, "मग आपल्याकडे फवारा कोण लावणार?" मी तिला गप्प बसवलं. उन्हाला दाद न देणाऱ्या गाईला फवारा कशाला, हे पाच सेकंद डोक्यात आलं असतं तर! तो व्हिडिओ मी किमान वीस वेळा पाहिला होता.

गाडी रात्री दीडला आली. रात्रीच का, ते आता कळतं. टॉर्चच्या उजेडात लाल ठिपके आणि लांब कान दिसले, मी उरलेले पैसे पाठवून मोकळा. सकाळी पाहतो तर कपाळ चपटं. गीरचं कसं घुमटासारखं पुढे आलेलं असतं! शिंगं खाली-मागे वळायची, ती पुढे आलेली. वशिंड मुठीएवढं. कानात ओळख क्रमांकाच्या बिल्ल्याच्या जागी ओलं भोक. ड्रायव्हर म्हणाला होता, "वाटेत पडला." दोन्ही गायींचा? बारा आकडी बिल्ल्याचा नंबर आधी मागा, डॉक्टरांकडून नोंद काढून घ्या, मगच पैशाचं बोला.

कासही धार न काढता तुंबवलेली होती. तिसऱ्या दिवशी दोन वेळचं मिळून ५ लिटर. लागोपाठ तीन धारा स्वतःसमोर काढायला लावा. आणि गाय बघायला जायचं तर भर दुपारी जा, पंखा बंद करून.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "गाय मिळाली ना? मग फसवणूक कुठली?" १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांचंही तेच, माल पोचलाय. दवाखान्यात सांगितलं, संकरित दिसते, पण तसं लिहून देता येणार नाही. लिहून नाही म्हणून पोलीस घेत नाहीत, पोलीस घेत नाहीत म्हणून दवाखाना लिहीत नाही. चिपळूण-गुहागर सहा खेपा झाल्या. सहाव्या खेपेला एका हवालदाराने विचारलं, "शिकलेले दिसता, न बघता कशी घेतली?" तुम्ही गुन्हा नोंदवा हो, अक्कल माझी मी काढतो!

शेजारच्या काकांची कोकण कपिला, काळी, बुटकी, त्याच उन्हात डोंगरावर चरून संध्याकाळी परतते. दूध जेमतेम दोन लिटर, म्हणून मीच तिला हसायचो. काका काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता माझ्या गोठ्यातही दोन फर्राटे पंखे लावलेत. दिवसभर तीच घर्रर्र.