मांडीच्या हाडाचे कोडिंग: राजारामपुरीतील एका वर्गाचा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका संस्थेच्या सायंकाळच्या मेडिकल कोडिंगच्या (आजार व उपचारांच्या नोंदींना ठरलेले सांकेतिक क्रमांक देण्याच्या) वर्गात मांडीच्या हाडाच्या, म्हणजे फीमरच्या, फ्रॅक्चरचा भाग नुकताच शिकून झाला. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काम करणाऱ्यांनी या एका भागासाठी तरी हा वर्ग करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे कोड पाठ करून घेत नाहीत. कागदावर काय लिहायचे राहिले आहे, ते शोधायला लावतात.

सरावासाठी मिळालेल्या पहिल्याच डिस्चार्ज कार्डावर ‘फ्रॅक्चर शाफ्ट फीमर, नेलिंग केले’ (हाडाचा मधला लांब भाग मोडला, आत धातूचा दांडा घातला) एवढीच ओळ होती. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोड-पद्धतीत तिचा कोड एस७२.३०९ए असा होतो आणि त्यावरून पाय उजवा की डावा हेही समजत नाही. मग मॅडमनी त्याच रुग्णाची ऑपरेशन नोट पुढे ठेवली. पाय उजवा, हाडाचे अनेक तुकडे, तेही जागेवरून सरकलेले, जखम उघडी आणि उघड्या फ्रॅक्चरची तीव्रता सांगणाऱ्या गस्टिलो वर्गीकरणानुसार दुसऱ्या प्रकारची. कोड झाला एस७२.३५१बी. फ्रॅक्चर उघडे की बंद हे नोंदवलेले नसेल तर ते बंद धरावे, असा नियम असल्यामुळे सर्जनने एक शब्द लिहायचा राहिला, तरी गंभीर दुखापत कागदावर साधी ठरते. हे इतक्या नेमकेपणाने मला यापूर्वी कोणी दाखवले नव्हते.

कोडच्या शेवटी येणाऱ्या सातव्या अक्षराला दिलेला वेळही सार्थकी लागला. ‘ए’ म्हणजे पहिली भेट, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते अक्षर सक्रिय उपचारांसाठी आहे. त्यामुळे गडहिंग्लजला प्राथमिक उपचार घेऊन कोल्हापुरात शस्त्रक्रियेसाठी आलेल्या बंद फ्रॅक्चरच्या रुग्णाला येथेही ‘ए’च लागते. पुढे हाड नीट जुळत असताना फेरतपासणी झाली तर ‘डी’, आणि जुळलेच नाही तर ‘के’.

सर्वांत मोलाचे वाटले ते ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराचे, प्रकरण. निरोगी हाड सहसा मोडणार नाही अशा किरकोळ पडण्याने, ऑस्टिओपोरोसिसचे निदान असलेल्या आजींचे मांडीचे हाड मोडले, तर एस७२ ऐवजी एम८० गटातील कोड द्यावा लागतो. मात्र तसे निदान डॉक्टरांनी लिहिलेले नसेल, तर वयावरून किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांवरून कोडरने ते गृहीत धरायचे नाही. डॉक्टरांना लेखी विचारायचे, तेही उत्तर सुचवणार नाही अशा शब्दांत. अशा क्वेरी आमच्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतल्या.

शस्त्रक्रियांचे कोड मात्र घाईत उरकले. खुब्याजवळच्या इंटरट्रोकॅन्टरिक फ्रॅक्चरला प्लेट बसवली तर २७२४४ आणि नेल घातला तर २७२४५, हा फरक सांगितला खरा, पण त्यावर एकही सराव झाला नाही. दुसरी उणीव अधिक खटकते. आपल्याकडील आरोग्य विम्याच्या दावा-अर्जात रुग्णालयाने भरायच्या भागातही आयसीडी-१० कोडची जागा असते, तरी तो अर्ज वर्गात एकदाही उघडला गेला नाही. विद्यार्थ्यांपैकी अनेक जण कोल्हापुरातील रुग्णालयांतच काम करत असताना संस्थेने त्यासाठी एक स्वतंत्र तास ठेवायलाच हवा, आणि प्रवेश घेण्यापूर्वी इच्छुकांनीही त्याची आवर्जून चौकशी करावी.