वर्ट (बिअरसाठी उकळलेलं माल्टचं गोड पाणी) गार करायला: तांब्याची कॉइल की प्लेट चिलर?

२० लिटरच्या बॅचला कॉइलच (वर्टमध्ये बुडवून आतून गार पाणी फिरवायची नळी) घ्या. उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत भांड्यात सोडली की निर्जंतुक होते, नंतर फक्त धुवायची. प्लेट चिलर (पत्र्यांच्या एका बाजूने वर्ट, दुसऱ्या बाजूने पाणी) झटपट काम करतो, पण हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा त्याच्या अरुंद फटींत अडकतो, आत काय उरलं ते दिसत नाही आणि पुढची बॅच तिथूनच नासते.

मे महिन्यात नागपुरात मात्र दोन्हींचे हात टेकतात: गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यापेक्षा वर्ट गार होणारच नाही. ५० अंशांपर्यंत नळाचं पाणी वापरा. पुढे बर्फाच्या बादलीतलं पाणी कूलरच्या पंपाने फिरवा (तो घरोघरी असतोच). पंपाचा जोर कमी, म्हणून बादली भांड्याच्या उंचीला ठेवा. कॉइल हलवत राहा, नाहीतर तिच्याभोवतीचाच थर गार होतो.