परसातल्या कोंबड्या, पुण्यात: एप्रिल निभावला, जूनने दमवलं

2025 च्या संक्रांतीच्या आधी आमच्या धायरीच्या घरामागे सहा तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणल्या. दोन आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड), दोन ग्रामप्रिया, एक ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प आणि एक गावठी. आता दिवाळीही उलटली. अंड्यांबद्दल काही तक्रार नाही, रोज चार तरी मिळतात. पण आणताना ज्याने त्याने एप्रिल-मेची भीती घातली होती, आणि आम्हाला खरं दमवलं ते पाऊस सुरू झाल्यावर. म्हणून हे लिहितेय. पुण्यात कोंबड्या पाळायच्या असतील तर तयारी पावसाळ्याची करा, उन्हाळा त्यातच निभावतो.

आधी खुराड्याबद्दल. आम्ही ऑनलाइन तयार खुराडं मागवलं. फोटोत फार देखणं होतं, उतरतं छप्पर, हिरवा रंग, छोटीशी खिडकी. ती छोटीशी खिडकीच सगळ्या दुखण्याचं मूळ. हे डिझाइन थंड देशातलं आहे, आतली ऊब आत राहावी म्हणून केलेलं. तीन बाजूंनी प्लायवूड, वर पत्रा, आणि पत्रा बसायच्या दांडीपासून जेमतेम दोन विती वर. फेब्रुवारीतच दुपारी आत हात घातला की भट्टीची धग लागायची. नऱ्ह्याच्या एका वेल्डरकडून पूर्व आणि पश्चिमेचं प्लायवूड कापून घेतलं, तिथे अर्ध्या इंचाची जाळी मारली, छप्पर दोन फूट उचललं आणि चारही बाजूंनी चांगलं पुढे काढलं. या दुरुस्तीला जेवढे पैसे गेले त्यात वेल्डरने नवीन खुराडं बनवून दिलं असतं, आणि तो तसं म्हणालाही. तयार खुराड्याला माझ्याकडून दहापैकी चार, तेही कडी मजबूत आहे म्हणून. मुंगूस रात्री येऊन खुडबुड करतं, पण कडी काही उघडत नाही.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचं तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास, त्यात वर पिसांचं पांघरूण. उष्णता बाहेर टाकायच्या वाटा दोनच. तुरा, गळ्याखालची लोंबती कातडी आणि पाय यांतून थोडी जाते, आणि बाकी सगळी धापा टाकून. हवा तिशीच्या वर गेली की चोच उघडी, पंख अंगापासून सुटे, गळा भराभर हलतोय असं दिसायला लागतं. धाप टाकताना आतला ओलावा हवेत उडतो आणि त्याबरोबर उष्णता जाते. म्हणजे बाहेरची हवा कोरडी असेल तरच या धापेचा उपयोग.

एप्रिलमध्ये पारा चाळीशीपार गेला तरी आमच्या कोंबड्या तगल्या, त्या यामुळेच. तेव्हा दुपारी हवेतली आर्द्रता 25 टक्क्यांच्याही खाली असते. पश्चिमेच्या जाळीवर गोणपाट टांगायचा, अकरा वाजता पाणी मारायचं, दोन वाजता पुन्हा. आत लगेच फरक कळतो. पुण्यातल्या घरांत एप्रिलमध्ये कूलर सुखावतो आणि जूनमध्ये नुसता चिकचिकाट करतो, तसंच आहे हे.

पाण्याबद्दल मात्र सांगायला हवं. निपलवालं पाण्याचं भांडं स्वच्छ राहतं म्हणून घेतलं होतं. पण त्याचा पाइप उन्हात तापतो. दुपारी एक वाजता मी बघत उभी होते, आर.आय.आर. आली, निपलला चोच लावली, मान झटकली आणि तशीच निघून गेली. पाणी अंगाला लागण्याइतकं कढत होतं. गरम पाणी कोंबड्या पीत नाहीत, आणि उन्हाळ्यात नेमकी त्याचीच गरज जास्त. एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी लागतं, कडक उन्हात चौपट सुद्धा. मग सासूबाईंनी माळ्यावरचे दोन मातीचे परळ काढून दिले. माठातलं पाणी त्यात ओतायचं, आंब्याखाली ठेवायचं. दिवसातून तीनदा घासावे लागतात, कारण कोंबड्या त्यात पाय घालून उभ्या राहतात. राहू देत, पायातून उष्णता जाते. निपलवालं भांडं आता फक्त पावसाळ्यात आणि थंडीत वापरते.

खाद्य उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. मधल्या वेळी भांडं उचलून ठेवते. खाल्ल्यावर काही तासांनी पचनाची उष्णता अंगात वाढते, ती नेमकी दुपारी नको. एप्रिलमध्ये अंड्यांची कवचं पातळ झाली त्याचंही कारण धाप. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचंच. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत संध्याकाळी ठेवायला लागले, कारण कवच मुख्यतः रात्री घडतं. बऱ्यापैकी फरक पडला.

यंदा मे संपायच्या आत मान्सून पुण्यात आला. लोक खूश, आम्हीही. पारा उतरला, पण कोंबड्यांची धाप थांबेना. जूनच्या एका रात्री, पाऊस नाही, वारा नाही, नुसतं ढगाळ, मी टॉर्च घेऊन गेले. नऊ वाजून गेले होते. सहाही जणी दांडीवर, पण एकमेकींपासून लांब लांब, पंख सुटे आणि चोची उघड्या. पंखाखाली हात घातला तर चटका बसावा इतकं गरम. सकाळी काळीचं, म्हणजे ऑस्ट्रालॉर्पचं, अंडं उचलताना अंगठा आत रुतला. थर्मामीटर जेमतेम 29 दाखवत होता. एप्रिलमध्ये 36 ला यांचं एवढं बिनसत नव्हतं.

हवाच ओली असली की धापेतून उडालेला ओलावा जाणार कुठे? तेव्हा गोणपाट आणि फवारे उलटे बाधतात. आम्ही गोणपाट काढून टाकला (तोवर त्याला कुबट वासही यायला लागला होता) आणि जाळीला एक छोटा भिंतीवरचा पंखा बाहेरून बसवला, वारा दांडीच्या उंचीवर लागेल असा. पुण्यासाठी एकच यंत्र घ्यायचं तर हा पंखा घ्या. फॉगरवर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणाऱ्या यंत्रावर, पैसे घालू नका, तो फार तर मार्च ते मेच्या मध्यापर्यंत कामाचा. वायर मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच ओढून घ्या, खुराड्यात ओल असते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या लोकांना हे जवळजवळ वर्षभर लागू, ते फॉगरच्या वाटेला न गेलेलेच बरे.

मग खुराड्यात खाली अंथरायचं तूस. भोरच्या एका भातगिरणीवरून पोती आणतो आम्ही. चार इंच थर, कोरडा असेल तर वास शून्य. जुलैत तोच थर दोन दिवसांत ओला होऊन खाली चिकटतो, आणि मग अमोनिया. उभ्याने वास येत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, खुराड्यात उकिडवं बसा, नाक कोंबडीच्या उंचीवर आणा. डोळे चुरचुरले तर त्या बिचाऱ्या रात्रभर त्यातच बसल्यात. रोज सकाळी पंजाने तूस खालीवर करायचं, ओला गोळा उचलून खतात टाकायचा, आठवड्याला थोडा चुना भुरभुरायचा. पाण्याच्या भांड्याखाली विटांवर जाळी ठेवली, तेव्हा निम्मी ओल तिथेच थांबली. ओल्या उबदार तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, लहान पक्ष्यांना त्याचा धोका जास्त. पिलं आणायची तर पावसाळ्यात आणूच नका.

लेअर मॅशलाही, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या खाद्यालाही, बुरशी धरते. तिच्यातलं विष कोंबडीचं यकृत खातं, आणि वरून काही दिसत नाही. पन्नास किलोची गोणी स्वस्त पडते, तरी जून ते सप्टेंबर दहा-दहा किलोच आणते, झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून वर. गाठी झालेलं किंवा कुबट वासाचं खाद्य सरळ खड्ड्यात.

कालवा जवळ असल्याने डास भरपूर. देवी डासांमुळे पसरते, तुऱ्यावर काळ्या खपल्या दिसतात. आमच्या तलंगा मानमोडी (राणीखेत) आणि देवी दोन्हीच्या लसी झालेल्या होत्या. विकणाऱ्याकडून हे तोंडी ऐकून सोडू नका, कोणती लस कधी दिली ते लिहून घ्या.

शेजारचे काका-काकू सुरुवातीला नाराज होते, आणि त्यांचंही बरोबर होतं. आमच्या कोंबड्या आल्या आणि लगेच सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदोशी भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ सुरू झाली. कोंबड्यांचं नाव काढलं तरी लोक दचकत होते. संशय मुख्यतः पाण्यावर होता, पण या आजाराशी संबंध असलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात असतो हेही खरं. तेव्हापासून खुराड्याच्या चपला वेगळ्या, हात साबणाने, अंडं पूर्ण शिजवूनच, आणि पाण्याच्या टाकीच्या आसपास कोंबडी फिरकू द्यायची नाही. कोंबडा पाळला नाही, त्यामुळे पहाटेची बांगही नाही. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, हे काकूंना पटायला गणपती उजाडले.

खर्चाचं म्हणाल तर सहा जणी महिन्याला साधारण 20 किलो खातात. सुटं खाद्य आम्हाला किलोला 35 रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे अंड्यामागे सहा रुपये नुसत्या खाद्याचे. खुराडं, वेल्डर, पंखा वेगळे. पैसे वाचवायला पाळणार असाल तर दुकानातलीच अंडी घ्या.

जातींमध्ये माझं मत ग्रामप्रियाला. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठीच तयार केलेली जात, अंगाने हलकी, चपळ, जूनमध्ये सगळ्यात कमी धापली. आर.आय.आर. भरवशाची, पण खादाड. गावठी सगळ्यात काटक, फक्त दर थोड्या दिवसांनी खुडूक बसते आणि अंडी बंद. ऑस्ट्रालॉर्पने ऑस्ट्रेलियात 365 दिवसांत 364 अंड्यांचा विक्रम केलाय म्हणे, म्हणून हौसेने घेतली. काळीभोर, जड, दाट पिसांची, दुपारभर धुण्याच्या दगडामागच्या ओल्या मातीत खड्डा करून पोट टेकून पडलेली असते. स्वभावाने सगळ्यांत गरीब, मुलं तिलाच उचलतात. पण दुसरी आणणार नाही.

सध्या दिवस लहान झाल्याने अंडी थोडी उतरलीत. संध्याकाळी दोन-तीन तास बारीक दिवा लावतात लोक, मी नाही लावत, पिसं झडायच्या दिवसांत त्यांना जरा आराम मिळू दे. नवीन घ्यायच्या तर थंडीतच घ्या, म्हणजे उन्हाळ्याआधी जागेला रुळतात. खडकीला सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे आधी फोन करून कोणते पक्षी कधी मिळतील ते विचारून मगच जा.